बिलावर जीएसटी क्रमांक टाकण्यापूर्वी

घाऊक विक्रीच्या संकेतस्थळांवर ‘केवळ व्यावसायिक खरेदीदारांसाठी’ ही ओळ आता सर्रास दिसते. खाते उघडताना फर्मचे नाव विचारतात, जीएसटी क्रमांकाचा रकाना असतो आणि शेवटी एक छोटा चौकोन असतो: ‘हा माल मी व्यवसायासाठी घेत आहे.’ भाव दुकानापेक्षा उतरता असतो, म्हणून घरच्यासाठी लॅपटॉप, पाण्याचा पंप किंवा लोखंडी कपाट घेणारेही त्या चौकोनावर खूण करून पुढे जातात. माल खराब निघाला की विक्रेता नेमके त्या खुणेवर बोट ठेवतो. तुम्ही व्यापारी आहात, ग्राहक नाही, तेव्हा ग्राहक कायदा तुम्हाला लागू नाही, असे त्याचे म्हणणे असते.

हे उत्तर पूर्ण खोटे नाही, आणि म्हणूनच ते ऐकून पुष्कळजण गप्प बसतात. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या मालाची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालत नाही, एवढे त्यात खरे आहे. पण एखादी खरेदी व्यापारी कारणासाठी झाली की नाही, हे विक्रेत्याच्या पानावर काय लिहिले आहे यावरून ठरत नाही. ते ठरते घेणाऱ्याने ती वस्तू कशासाठी घेतली आणि कशी वापरली यावरून.

मुळात ही ‘फक्त व्यावसायिकांना’ची अट येते कुठून? बऱ्याचदा ती विक्रेत्याच्या स्वतःच्या परवान्यातून येते. भारताच्या परकीय गुंतवणूक धोरणात घाऊक व्यापारात शंभर टक्के परकीय भांडवल चालते, व्यावसायिकांना ऑनलाइन विक्री करण्यातही चालते. मात्र स्वतःचा साठा ठेवून थेट घरगुती गिऱ्हाइकाला ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीत ते चालत नाही. त्यामुळे अशा कंपनीला आपला प्रत्येक खरेदीदार व्यावसायिक असल्याचा कागद ठेवावा लागतो. कर नोंदणी, दुकान परवाना, इतकेच काय फेरीवाल्याचा पालिका परवानाही त्यासाठी चालतो. विक्री घाऊक की किरकोळ हे मालाच्या संख्येवरून ठरत नाही, खरेदीदार कोण आहे यावरून ठरते, असे ते धोरण सांगते. म्हणजे तुमच्याकडून घेतलेला कागद हा आधी विक्रेत्याने सरकारपुढे आपली बाजू सांभाळण्यासाठी घेतलेला असतो. तुमच्या हक्कांचा निकाल त्या कागदाने लागत नाही. काही देशी विक्रेते हीच अट निव्वळ परतीच्या कटकटीतून सुटण्यासाठी घालतात, तो भाग वेगळा.

आता कायदा पाहू. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम २(७) मध्ये ग्राहकाची व्याख्या आहे. मोबदला देऊन वस्तू घेणारा तो ग्राहक. मात्र जो पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कारणासाठी वस्तू घेतो, तो ग्राहक नाही. त्याला जोडून दोन स्पष्टीकरणे आहेत. पहिल्यानुसार, स्वयंरोजगारातून केवळ आपली उपजीविका चालवण्यासाठी एखाद्याने वस्तू घेतली आणि स्वतः वापरली, तर तो वापर व्यापारी कारणात मोडत नाही. दुसऱ्यानुसार, खरेदी दुकानात झाली काय किंवा ऑनलाइन, कायद्याच्या दृष्टीने ती सारखीच. छोट्या माणसाचा सगळा आधार त्या पहिल्या स्पष्टीकरणात आहे.

हे स्पष्टीकरण जुन्या, १९८६ च्या कायद्यात १९९३ साली घातले गेले. त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात उलगडून सांगितला. महाराष्ट्रातल्या या लघुउद्योगाने कोइमतूरच्या एका संस्थेकडून संगणक-नियंत्रित लेथ यंत्र मागवले होते. यंत्र उशिरा आले आणि सदोष निघाले. राज्य आयोगाने उद्योगाच्या बाजूने निकाल दिला, राष्ट्रीय आयोगाने तो फिरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आयोगाचा निकाल कायम ठेवला. यंत्राचे स्वरूपच असे होते की एका माणसाने पोटापुरते कमावण्यासाठी ते घेतले असे म्हणता येत नव्हते. उद्योग हरला, पण त्या निकालातली उदाहरणे आजही छोट्या माणसाच्या कामी येतात. टंकलेखन यंत्र घेऊन लोकांची कामे स्वतः टाइप करून देणारा ग्राहक आहे. रिक्षा घेऊन ती स्वतः चालवणाराही ग्राहक आहे. मदतीला एक-दोन माणसे असली तरी त्याचे ग्राहकपण जात नाही. मात्र रिक्षा घेऊन ती पूर्णपणे दुसऱ्याकडे चालवायला देणारा ग्राहक राहत नाही. १९९७ मध्ये विटा पाडण्याच्या यंत्राच्या खटल्यात न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली: स्वतः या शब्दात घरची माणसेही येतात. पण स्वयंरोजगार नुसता सांगून भागत नाही, तो पुराव्याने दाखवावा लागतो, म्हणून ते प्रकरण पुरावा घेण्यासाठी परत पाठवले गेले.

२०१८ मध्ये दोन सुशिक्षित बेरोजगारांनी भागीदारीत छायाचित्रांचा धंदा काढण्यासाठी घेतलेल्या यंत्राचे प्रकरण आले. भागीदारी संस्था म्हणजे व्यापार, असे यांत्रिकपणे धरू नये, असा त्या निकालाचा रोख होता आणि न्यायालयाने त्या दोघांना ग्राहक मानले.

मुंबईच्या एका खटल्याने तर हा विचार आणखी पुढे नेला. लीलावती रुग्णालय चालवणाऱ्या विश्वस्त संस्थेने परिचारिकांच्या वसतिगृहासाठी २९ सदनिका घेतल्या होत्या. बांधकाम निकृष्ट निघाले. एवढे मोठे रुग्णालय, इतक्या सदनिका, मग हा व्यापारी व्यवहारच, असा बिल्डरचा बचाव होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. खरेदीदार किती मोठा आहे किंवा व्यवहार किती रकमेचा आहे हे निर्णायक नाही. त्या विशिष्ट खरेदीचा नफा मिळवण्याच्या कामाशी जवळचा आणि थेट संबंध आहे का, हे पाहायचे. परिचारिकांना राहायला जागा दिल्याने रुग्णालयाला थेट नफा होत नव्हता. याउलट २०२२ मध्ये पंजाब नॅशनल बँकेविरुद्ध गेलेल्या एका शेअर दलालाला न्यायालयाने ग्राहक मानले नाही, कारण त्याने घेतलेली ओव्हरड्राफ्टची सोय धंदा वाढवण्यासाठीच होती. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की कसोटी लख्ख दिसते.

सिद्ध कोणी करायचे, हा प्रश्न व्यवहारात सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचे उत्तर मे २०२४ मध्ये श्रीराम चिट्सच्या खटल्यात मिळाले. पैसे देऊन वस्तू किंवा सेवा घेतली, हे तक्रारदाराने दाखवायचे. ती व्यापारी कारणासाठी होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्याची. त्याने ते सिद्ध केले, तरच स्वयंरोजगाराचा मुद्दा मांडण्याची पाळी तक्रारदारावर येते. फोनवर ‘तुम्ही व्यापारी आहात’ म्हणून विक्रेत्याने मोकळे होणे आणि आयोगापुढे ते पुराव्याने दाखवणे, यात फार अंतर आहे.

हे सगळे एका उदाहरणात बघू. समजा, बार्शीतल्या एक ताई घरीच मसाले आणि चटण्या करून विकतात. चैत्र-वैशाखात मिरची कांडपाचे काम वाढते, म्हणून घाऊक पोर्टलवर पाहून त्या राजकोटच्या विक्रेत्याकडून दोन एचपीचा पल्व्हरायझर मागवतात. व्हॉट्सअ‍ॅपवर परफॉर्मा इन्व्हॉइस येते. अर्धी रक्कम अ‍ॅडव्हान्स, उरलेली माल गाडीवर चढण्याआधी. आठवड्याने ट्रान्स्पोर्टच्या गोडाऊनमधून फोन येतो, भाडे भरून ताई यंत्र सोडवून आणतात. पहिल्याच घाण्याला मोटर इतकी तापते की हात लावता येत नाही. जाहिरातीत कॉपर वाइंडिंग लिहिले होते. रिवाइंडिंगवाला पाहून सांगतो की आत अ‍ॅल्युमिनियम आहे. विक्रेता म्हणतो, बिल फर्मच्या नावावर आहे, बिलाच्या तळाला ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ आणि ‘राजकोट न्यायकक्षेच्या अधीन’ असे छापले आहे, तुम्ही ते वाचले होते.

या ताई माझ्या मते ग्राहक आहेत. यंत्र त्या स्वतः चालवतात, मुलगा मदत करतो, त्यावरच घर चालते. पण तक्रारीत हे वाक्य स्पष्ट लिहिले पाहिजे: यंत्र स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतले आहे. अन्न परवान्याची नोंदणी त्यांच्याच नावावर असणे, यंत्र घरातच बसवलेले असणे, पगारी कामगार नसणे, उलाढाल लहान असणे, हे सगळे कागद त्याला जोडायचे. उद्यम नोंदणी आहे म्हणून घाबरण्याचे कारण नाही; धंदा किती लहान आहे हेही तीच दाखवते. दाव्यासाठी त्यांना राजकोटला जावे लागत नाही. कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटासाठी काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे इथे सोलापुरात. दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत फीसुद्धा नाही. मुदत दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही. तक्रार ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दाखल करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी, कारण पुष्कळ विक्रेते तेवढ्यावरच नमतात.

ग्राहक ठरल्यावर हाती काय येते, ते २३ जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. वस्तू सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आली असेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे देण्यास नकार देता येत नाही. अपवाद एकच: उशीर विक्रेत्याच्या हाताबाहेरच्या कारणाने झाला असेल तर. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचे. संमतीची खूण आधीच करून ठेवलेला चौकोन चालत नाही. बिलाच्या तळाची ‘परत घेणार नाही’ ही ओळ या नियमापुढे टिकत नाही.

युरोपात आवडला नाही म्हणून चौदा दिवसांत माल परत करण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही. मोठ्या पोर्टलवरची सात किंवा दहा दिवसांची परतीची सोय ही त्यांची स्वतःची योजना असते. व्यावसायिक खात्यात ती आखडती असू शकते, आणि नुसते मन बदलले म्हणून माल परत करायचा असेल तर तिथे कायदा मदतीला येत नाही.

आता पुन्हा जीएसटी क्रमांकाच्या रकान्याकडे. क्रमांक टाकला म्हणून हक्क आपोआप जात नाहीत. मोजायचा तो प्रत्यक्ष वापर. पण त्या क्रमांकावर भरलेल्या कराचे क्रेडिट घेतले, की हा माल धंद्यासाठी होता असे तुम्ही स्वतःच सरकारला कळवलेले असते. घरच्या टीव्हीवर असे क्रेडिट घेणे तर जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार निषिद्धच आहे. अठरा टक्के वाचवण्यासाठी टीव्ही फर्मच्या नावावर घ्यायचा आणि बिघडला की ग्राहक आयोगात जायचे, या दोन गोष्टी एकत्र जमत नाहीत, आणि जमू नयेत असेच मला वाटते. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने डिसेंबर २००४ मध्ये जुन्या गाडीच्या एका प्रकरणात हेच सांगितले. व्यापाऱ्यालाच गाडी विकायची म्हणणाऱ्या विक्रेत्यापुढे ज्याने स्वतःला व्यापारी म्हणवून घेतले, त्याला नंतर ग्राहकाचे संरक्षण मागता आले नाही. घरच्यासाठी घेत असाल तर घरच्या नावाने, क्रमांकाशिवाय घ्या. त्या अटीवर विक्रेता विकत नसेल तर वाचणाऱ्या पैशांपेक्षा जाणारा हक्क मोठा आहे.

काहीजण खरोखरच या व्याख्येबाहेर असतात. किराणा दुकानदाराने विकायला आणलेली तेलाची पेटी ही पुनर्विक्री आहे, तिथे उपजीविकेचे स्पष्टीकरण कामी येत नाही. त्याच दुकानदाराने स्वतःच्या वापरासाठी घेतलेला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा मात्र वेगळा, त्याची तक्रार तो करू शकतो. पंचवीस कामगारांच्या कारखान्याने घेतलेले यंत्र बाहेरच. पण बाहेर म्हणजे निराधार असे नाही, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असते. माल विक्री कायदा, १९३० हा ग्राहक आणि व्यापारी असा भेद करत नाही. वर्णनावरून माल विकला असेल तर तो वर्णनाबरहुकूम असला पाहिजे, हे कलम १५ सांगते. ऑनलाइन खरेदी जवळपास नेहमीच वर्णनावरून होते, म्हणून हे कलम फार मोलाचे. कलम १६ नुसार त्या प्रकारच्या मालाचा व्यवहार करणाऱ्या विक्रेत्याचा माल विक्रीयोग्य दर्जाचा हवा, आणि गरज सांगून त्याच्या जाणकारीवर विसंबून घेतला असेल तर त्या कामाला योग्य हवा.

यातली मेख दोन ठिकाणी आहे. एक, कलम ६२ नुसार उभयपक्षी करार करून हे हक्क वगळता येतात. व्यावसायिक विक्रेत्यांच्या अटींची लांबलचक पाने त्यासाठीच असतात. ती पाने वाचायलाच हवीत. दुसरी, वेळ. माल मिळाल्यावर नाकारल्याचे न कळवता तुम्ही तो वाजवी काळाहून जास्त ठेवलात, तर कलम ४२ नुसार तुम्ही तो स्वीकारलात असे धरले जाते. मग माल परत करता येत नाही, नुकसानभरपाईच मागता येते. म्हणून दोष दिसला की त्याच दिवशी लेखी कळवायचे. फोन केला असेल तरी मागाहून ईमेल करायचा. ट्रान्स्पोर्टवाल्याच्या पावतीवर सही करण्याआधी खोका फुटलेला असेल तर तसा शेरा लिहायचा. नुसती सही केली की माल धड मिळाला असे होते. आणि कलम ४३ चा एक दिलासा: वेगळे ठरलेले नसेल तर नाकारलेला माल स्वतःच्या भाड्याने परत पाठवण्याची जबाबदारी खरेदीदारावर नाही, नाकारल्याचे कळवणे पुरेसे आहे. ‘आधी आमच्या गोडाऊनला पोहोचवा, मग बघू’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला हे सांगता येते.

मात्र हा दावा दिवाणी न्यायालयात जातो. मुदत तीन वर्षांची असली तरी वाद तीन लाखांहून कमी नसेल तर तो वाणिज्य न्यायालयात चालतो, आणि तातडीचा आदेश मागायचा नसेल तर तिथे आधी मध्यस्थीला सामोरे जावे लागते. ‘राजकोट न्यायकक्षे’ची ओळही तिथे खरी बोलू लागते, कारण अधिकार असलेल्या न्यायालयांपैकी एक निवडण्याचा करार न्यायालये मानतात. वीस-पंचवीस हजारांच्या वादासाठी बार्शीहून राजकोटला तारखा करणे कोणालाच परवडत नाही. ग्राहक ठरणे इतके महत्त्वाचे का, ते इथे कळते: हक्क बाहेरही असतात, पण ते आपल्या जिल्ह्यात, फुकट आणि वकिलाशिवाय मागता येत नाहीत.

आणखी एक विषमता मला खुपते. छोट्या विक्रेत्याचे पैसे मोठ्या खरेदीदाराने थकवले तर २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा त्याच्या मागे उभा राहतो: जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. हे योग्यच आहे. पण तोच छोटा उद्योजक खरेदीदार असेल आणि त्याच्या गळ्यात खराब यंत्र मारले गेले असेल, तर त्या कायद्यात त्याच्यासाठी काही नाही.

त्याहून मोठी उणीव २०१९ च्या व्याख्येत आहे. जुन्या कायद्यातल्या स्पष्टीकरणात उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तू आणि सेवा असे दोन्ही शब्द होते. नव्या कायद्यात सेवा हा शब्द गळला आणि फक्त वस्तू उरल्या. पल्व्हरायझरसाठी ताईंना संरक्षण आहे. पण त्याच ताईंनी मसाले विकण्यासाठी वेबसाइट करून घेतली, वर्षाची वर्गणी भरून हिशेबाचे सॉफ्टवेअर किंवा जाहिरातीचे पॅकेज घेतले आणि त्यात फसल्या, तर स्पष्टीकरणातले शब्द त्यांना थेट आधार देत नाहीत. तिथे लीलावतीच्या निकालातल्या कसोटीवर किंवा पुराव्याची जबाबदारी समोरच्यावर आहे या मुद्द्यावरच भिस्त ठेवावी लागते. व्यवसायाचे निम्मे काम मोबाइलवर आलेल्या काळात, एकट्याच्या बळावर धंदा करणाऱ्याला यंत्राइतकीच या सेवांची गरज आहे. संसदेने तो एक शब्द व्याख्येत परत घालायला हवा.